थंडीतले अंगण : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येणाऱ्या पत्रांमध्ये एक गोष्ट हमखास आढळते. झाडाला काहीही झाले की दोष थंडीवर जातो. खरे तर आपल्याकडच्या थंडीने दगावणारी झाडे मोजकीच. बहुतेक तक्रारींचे मूळ दक्षिणेकडे कललेल्या उन्हात, लांबलेल्या रात्रीत आणि उशिरा वाळणाऱ्या मातीत असते. ऋतू बदलतो, पण आपले पाणी, खत आणि कुंड्यांच्या जागा पावसाळ्यातल्याच राहतात. या महिन्यात निवडलेले बरेचसे प्रश्न याच धाग्याचे आहेत.

बंगल्याच्या उत्तरेला अंगण आहे. पावसाळ्यात तिथे झेंडू छान येतो, पण हिवाळ्यात पिटुनिया आणि फ्लॉक्स नुसते उंच वाढतात, फुले धरत नाहीत. सकाळी चहा घेऊन बसावे तर गारठा, आणि फरशीवरचे शेवाळही हटत नाही. काय करावे? (पुणे)

तिन्ही तक्रारी एकाच सावलीच्या आहेत. पुण्यात २१-२२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास, म्हणजे सूर्य सर्वांत वर असतो तेव्हाही, तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. जूनमध्ये तोच थेट डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेकडे असतो. म्हणून तुमच्या अंगणाला पावसाळ्यात, ढग हटले की, ऊन मिळते आणि हिवाळ्यात मिळत नाही. डिसेंबरच्या दुपारी एक मीटर काठीची सावली ९० सेंटिमीटर पडते. सकाळी नऊला तीच सव्वादोन मीटरहून लांब असते आणि वायव्येकडे जाते. बंगला सात मीटर उंच धरला, तर उत्तरेकडची सहा मीटरहून अधिक रुंद पट्टी भर दुपारीही सावलीतच राहणार. नागपूरकडे तर दुपारची सावली जवळजवळ भिंतीच्या उंचीइतकीच पडते.

एक काम जरूर करा. २० ते २५ डिसेंबरमधल्या कोणत्याही एका दिवशी सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि तीन वाजता अंगणातल्या सावलीची कड चुन्याने आखा आणि गच्चीवरून फोटो काढून ठेवा. तिन्ही रेषांच्या बाहेर जी जागा उरेल, तीच हिवाळी फुलांची. या फुलांना रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागते. त्याहून कमी उन्हात रोपे लांबतात, दोन पानांमधले अंतर वाढते आणि कळी धरत नाही. पुढच्या सप्टेंबरात वाफे काढायला हाच फोटो उपयोगी पडेल.

आत्ता लावलेली रोपे वाया गेलेली नाहीत. ती ८ ते १० इंची कुंड्यांत काढा, एका कुंडीत एक पिटुनिया. माती दोन भाग, चाळलेले शेणखत एक भाग, कोकोपीट एक भाग. चार-पाच दिवस फक्त सकाळचे ऊन द्या, मग पूर्ण उन्हात न्या आणि शेंडा खालून चौथ्या-पाचव्या पानावर खुडा. बाजूच्या फांद्या फुटून साधारण महिन्याभरात कळ्या दिसतील. उत्तरेच्या पट्टीत फर्न, सिंगोनियम, ड्रॅसिना, स्पायडर प्लांट लावा. तिथे फुलांचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

बसायची जागा दक्षिणेच्या किंवा आग्नेयेच्या बाजूला न्या, पाठ भिंतीकडे. दक्षिणेची भिंत हिवाळ्यात दिवसभर तापते आणि संध्याकाळी ऊब सोडत राहते. तिथे मे महिन्यात बसवणार नाही, म्हणून सिमेंटचा पक्का ओटा न बांधता हलवता येणारे बाक ठेवा. सावलीसाठी कायमचे झाड लावायचे असेल, तर या बाजूला चाफ्याइतके सोयीचे दुसरे नाही. थंडीत पाने गाळून तो ऊन आत येऊ देतो आणि उन्हाळ्यात पुन्हा छत्री धरतो.

शेवाळ ओले असताना घासले तर हाती फक्त चिखल येतो. दोन दिवस फरशीवर पाणी पडू देऊ नका, मग ताठ ब्रशने कोरडेच खरवडा. उरलेल्या डागांवर एक भाग ब्लीचचे द्रावण आणि दहा भाग पाणी असे मिश्रण १५ मिनिटे ठेवून भरपूर पाण्याने धुवा. हे पाणी वाफ्यात किंवा लॉनवर जाऊ देऊ नका. फरशी साफ करायचे ॲसिड यात चुकूनही मिसळू नका, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. पेव्हर ब्लॉक असतील तर सांधेही तपासा. पावसात सांध्यांतली वाळू वाहून जाते, ब्लॉक डगमगू लागतात आणि फटींत माती साचून शेवाळाला घर मिळते. चाळलेली कोरडी बारीक वाळू अंथरून झाडूने सांध्यांत भरा. दोन दिवसांनी ती खाली बसते, तेव्हा पुन्हा एकदा भरा.

गेटजवळच्या कुंड्यांतली शेवंती डिसेंबर आला तरी हिरवीगारच आहे. मागच्या अंगणातली त्याच जातीची शेवंती फुलून गेली. खत-पाणी दोन्हीकडे सारखे. (कोल्हापूर)

गेटवर रात्रभर दिवा जळतो का, हे पत्रात नाही. पण वर्णनावरून तसेच दिसते.

शेवंती कळी कधी धरायची हे रात्रीच्या लांबीवरून ठरवते. पानांतले फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य अंधारात हळूहळू रूप बदलत जाते. मध्येच उजेड पडला की ते उलटे फिरते, आणि झाडाच्या लेखी ती लांब रात्र मोडते. तुमच्याकडे डिसेंबरात जवळजवळ तेरा तासांची रात्र असते, शेवंतीला ती भरपूर आहे. पण दिव्याखाली ती रात्र झाडापर्यंत पोचतच नाही. उजेड फार लागतो असेही नाही. कुंडीपाशी उभे राहून वर्तमानपत्राचे मथळे वाचता येत असतील, तर तेवढा उजेड नडायला पुरे. पॉलिहाऊसवाले फुले लांबवण्यासाठी रात्री मुद्दाम दिवे लावतात आणि फुले हवी तेव्हा काळे कापड ओढतात, ते याच कारणाने.

खात्री करायची असेल तर शेंडा हातात धरून नीट पाहा. शेवंतीचे नेहमीचे पान खाचांचे असते. शेंड्यावर बटणासारखी चपटी कळी येऊन थांबलेली असेल, तिच्याखालची पाने बिनखाचांची, अरुंद पट्टीसारखी झाली असतील आणि बगलेतून नवे हिरवे फुटवे कळीला मागे टाकून वर निघाले असतील, तर झाडाने कळी धरायला सुरुवात केली होती आणि उजेडाने ती अडली. कळीचा मागमूसच नसेल, तर दिवा सुरुवातीपासून नडला, किंवा शेंडे फार उशिरा खुडले गेले. शेवटची खुडणी ऑगस्टअखेर व्हायला हवी.

उपाय साधा आहे: कुंडी मागच्या अंगणात न्या. आज हलवली तर फुलायला आठ ते दहा आठवडे लागतील, म्हणजे फेब्रुवारीत फुले मिळतील. शेवंती जमिनीत असेल तर दिव्याला झाकण लावून उजेड फक्त वाटेवर पाडा, किंवा माणूस आल्यावरच लागणारा सेन्सरचा दिवा बसवा. पुढच्या वर्षी हे सप्टेंबरच्या मध्यापासून सांभाळा. कळ्या दिसू लागल्या की युरिया किंवा नत्र जास्त असलेले खत बंद करा, नाहीतर पाने माजतात.

पोर्चमधले पॉइन्सेटिया लाल होत नाही, अशी तीन पत्रे आली आहेत. कारण हेच. उघड्यावरचे पॉइन्सेटिया रात्र लांबली की आपोआप रंगते, पोर्चच्या दिव्याखालचे हिरवेच राहते.

लॉन पिवळट-तपकिरी पडले आहे. माळी म्हणतो युरिया टाकू. टाकावा का? (नाशिक)

नाही, निदान आत्ता नाही. आधी ते कुठे आणि कसे पिवळे पडले आहे ते पाहा.

सगळीकडे सारखेच फिके पडले असेल तर ते थंडीचे काम. सिलेक्शन वन किंवा मेक्सिकन हे उष्ण हवामानातले गवत आहे. रात्री दहा अंशांच्या खाली जाऊ लागल्या की वाढ थांबते आणि रंग उतरतो. मुळे जिवंत असतात, फेब्रुवारीत हिरवेपणा परततो. फक्त घराच्या किंवा कुंपणाच्या उत्तरेला पट्ट्याने पिवळे असेल तर ती सावली आहे, आणि तिथे खताने काहीही होणार नाही. गोल चट्टे असतील तर चट्ट्याच्या कडेचे गवत मुठीत धरून ओढा. सतरंजीसारखे उचलून आले आणि खाली पांढरी, इंग्रजी सी आकारात वळलेली अळी दिसली, तर ती हुमणी. मुळे घट्ट असून फक्त पाने कुजकी दिसत असतील, तर बुरशी. ती बहुधा संध्याकाळी पाणी दिल्याने येते, कारण दवाच्या आधीच पाने ओली असतात आणि सकाळी दहापर्यंत तशीच राहतात.

थंडीचे पिवळेपण असेल तर एवढेच करा: कापणीची उंची तीन सेंटिमीटरवरून चार-साडेचारवर न्या, पाणी चार-पाच दिवसांनी एकदा पण खोलवर आणि सकाळीच द्या, दवाने भिजलेल्या गवतावरून चालू नका. युरिया फेब्रुवारीच्या मध्यानंतर, रात्री उबदार झाल्यावर, चौरस मीटरला दहा ग्रॅम. तो कोरड्या पानांवर टाकून लगेच भरपूर पाणी द्या. ओल्या पानांवर दाणे चिकटले की तिथे जळका ठिपका पडतो.

चाफ्याची सगळी पाने गळली, नुसती काठी उरली. मेला का? रोज पाणी घालतो आहे. (सातारा)

मेलेला नाही, झोपलेला आहे. तुमच्या रोजच्या पाण्याने मात्र मरू शकतो. पाने नसलेला चाफा पाणी जवळजवळ ओढतच नाही, म्हणून ओल्या मातीत खोड बुडापासून कुजते. खोड दाबून पाहा. टणक असेल तर पाणी बंद करा. कुंडीत असेल तर तीन आठवड्यांनी थोडेसे पुरे, जमिनीत असेल तर तेही नको. मऊ लागले तर कुजका भाग कापा, आत पांढरी निरोगी गाभ दिसेपर्यंत. वरचा चांगला तुकडा आठ-दहा दिवस सावलीत सुकवून फेब्रुवारीत लावा. अडेनियमलाही हाच नियम.

ऑक्टोबरमधली गुलाबाची छाटणी राहून गेली. आता नोव्हेंबर संपत आला, छाटू का? (छत्रपती संभाजीनगर)

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत छाटा, पण हलकी. ऑक्टोबरमध्ये झाड ४५ ते ६० सेंटिमीटरवर आणतात. आता वरचा एक-तृतीयांशच घ्या. छाटल्यापासून फूल यायला सुमारे ४५ ते ६० दिवस लागतात, म्हणजे बहर जानेवारीच्या मध्यापासून धरा. याहून उशीर केला तर फूल येईपर्यंत ऊन चढते, आणि मग फूल लहान आणि फिके निघते.

बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा (फांदीवरची फुटव्याची जागा) निवडा आणि त्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, डोळ्याच्या उलट बाजूला उतार देऊन कापा. जास्त वर कापले तर उरलेला खुंट वाळतो आणि वाळण डोळ्याच्या खाली उतरते. सिकेटरला (छाटणीच्या कात्रीला) धार नसेल तर साल चिरडते, त्यातून वरून खाली फांदी काळी पडत जाते. जाड कापांवर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पाण्यात केलेली दाट पेस्ट ब्रशने लावा. झाडाला दोन-तीन ओंजळी शेणखत आणि एक मूठ निंबोळी पेंड द्या.

डिसेंबर-जानेवारीत कोवळ्या पानांवर भुरी येणारच. दिवसा कोरडे ऊन आणि रात्री गारवा तिला मानवतो. पानावर पाणी नसले तरी ती वाढते, त्यामुळे नुसते पानांवर पाणी न मारून ती टळत नाही. पांढरी पावडर दिसताच पाण्यात विरघळणारे गंधक (८० टक्के) लिटरला दोन ग्रॅम, सकाळी फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. निंबोळी तेल फवारले असेल तर दोन आठवडे गंधक वापरू नका, पाने करपतात.

दोन रात्री पारा पाच अंशांवर आला. क्रोटन आणि अग्लोनेमाची पाने काळी पडली. (निफाड)

या झाडांना दहा-बारा अंशांखालची रात्र सोसत नाही, आणि कुंडीतली माती जमिनीपेक्षा लवकर गार होते. निरभ्र आकाश आणि वारा नसलेली रात्र सर्वांत घातक. अशा संध्याकाळी कुंड्या छज्जाखाली भिंतीलगत न्या. हलवता येत नसतील तर बांबूच्या चार काठ्यांवर गोणपाट टाका, पानांना टेकू न देता. प्लॅस्टिक थेट पानावर टाकले तर टेकलेला भाग गारठतो. सकाळी आठ-नऊला गोणपाट काढा. जमिनीतल्या झाडांना दुपारी थोडे पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते, तुमच्याकडचे द्राक्षबागायतदार कडाक्याच्या थंडीत पाणी सोडतात ते याचसाठी. काळी पाने फेब्रुवारीपर्यंत तशीच असू द्या. आत्ता कापली तर नवा फुटवा येतो आणि पुढच्या थंडीत तोच आधी जातो.

लॉनवर शेकोटी केली तर गवत जळते, म्हणून शहाबादी फरशीवर केली. फरशी आवाज करून फुटली. (नागपूर)

शहाबादी दगड थरांचा असतो. थरांत ओल मुरते, तापल्यावर तिची वाफ होते, आणि वाट न मिळाल्याने थर उडतात. नदीतले गोटे याहून वाईट, त्यांचे तुकडे उडून डोळ्याला इजा होऊ शकते. शेकोटीसाठी कोरड्या भाजलेल्या विटाच घ्या. तळाला सात-आठ सेंटिमीटर वाळू, वर विटांचा एक थर, कडेला दोन थर, आतला व्यास ६० ते ७५ सेंटिमीटर. खालच्या कडेत तीन-चार फटी ठेवा. हवा खालून मिळाली की धूर कमी होतो. झाडाची फांदी, शेडनेट आणि वाळक्या पानांचा ढीग यांपासून निदान तीन मीटर लांब. थंड झालेली राख गुलाबाच्या आळ्यात मूठभर चालते, पण अझेलिया, गार्डेनिया यांना देऊ नका. त्यांना आम्लधर्मी माती लागते आणि राख नेमकी उलट आहे.

बदामाची आणि पिंपळाची पाने जानेवारीपासून ढिगाने पडतात. शेजारी जाळतात, धुराचा त्रास होतो. (ठाणे)

राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घालून साध्या प्रकरणातही ५,००० रुपये दंड ठरवला आहे, हे सोसायटीच्या सूचनाफलकावर जरूर लावा. पण पाने जायची कुठे, हेही सांगावे लागेल. कुंपणाच्या कोपऱ्यात जाळीचा एक मीटर लांब, रुंद आणि उंच पिंजरा करा. यापेक्षा लहान ढीग आत तापत नाही. वीतभर पानांचा थर, वर पातळ शेणकाला किंवा जुन्या कंपोस्टची दोन घमेली, पुन्हा पाने. बदामाची पाने जाड आणि चिवट असतात, ती पायाने किंवा दांडक्याने मोडून टाका, नाहीतर चटईसारखी एकावर एक बसतात आणि आत हवा जात नाही. ढिगातली पाने मुठीत पिळल्यावर एक-दोन थेंब यावेत, एवढीच ओल. दर पंधरा दिवसांनी उलथा. चार ते सहा महिन्यांत पानखत मिळते. काही पाने आत्ताच वाफ्यांत दोन इंच पसरा, खोडापासून चार बोटे अंतर ठेवून.

तुळस आणि कढीपत्ता कुंडीत आहेत. बाहेर बर्फ पडतो तेव्हा घरात घेतो, तरी पाने गळतात. (न्यू जर्सी)

घरात घ्यायला उशीर होत असावा. पहिल्या दहिवराची वाट न पाहता, रात्री दहा-बारा अंशांवर येऊ लागल्या की आत घ्या. त्याआधी आठवडाभर सावलीत ठेवून कमी उजेडाची सवय लावा. पानांच्या खालची बाजू आणि खोड सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा, कारण खवले कीड आणि लाल कोळी याच वाटेने घरात शिरतात आणि हीटरच्या कोरड्या हवेत कोळी झपाट्याने वाढतो. जागा दक्षिणेच्या खिडकीची, पण हीटरच्या झोतापासून दूर. काचेला पान टेकू देऊ नका. उजेड कमी पडत असेल तर झाडापासून फूटभरावर एलईडी ग्रो लाइट, रोज १२ ते १४ तास.

कढीपत्ता थोडी पाने गाळून विश्रांती घेतो, ते त्याच्या स्वभावातच आहे. वरची दीड-दोन इंच माती कोरडी झाल्यावरच पाणी, मार्चपर्यंत खत नाही. आपल्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तुळस झिजतेच, म्हणून ऑगस्टमध्ये मंजिऱ्यांचे बी वाळवून ठेवा आणि मार्चमध्ये घरातच पेरा.

वाटेवरच्या बर्फावर मीठ टाकत असाल तर ते विरघळून कडेच्या वाफ्यांत उतरते आणि वसंतात तिथली झुडपे कडेने करपलेली दिसतात. बर्फ आधी फावड्याने ओढा आणि घसरू नये म्हणून जाडी वाळू टाका. मातीच्या रिकाम्या कुंड्या आत घ्या, त्यांच्या भिंतीत मुरलेले पाणी गोठून फुगते आणि कुंडी तडकते. कढीपत्ता पुन्हा बाहेर नेताना मेच्या मध्यानंतर, पहिला आठवडा फक्त सावलीत.